बंद करण्याआधी पेट्रोलवर

मी कोल्हापूरकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. तापीकाठच्या त्या गावात विहिरीवरचं इंजिन बसवायला म्हणून आलो आणि मालकांच्या खळ्यातल्या खोलीत राहूनच गेलो. त्यांना सगळे आप्पा म्हणत, मीही म्हणू लागलो. ऊस-कापसाची शेती, पण रविवार मोटारीचा. लिलावातून आणलेली कापडी टपाची जुनी विलायती मोटार आम्ही तीन वर्षं सोडत आणि जोडत होतो. कशासाठी, ते सांगता यायचं नाही. गंजलेला नट तेल पिऊन एकदम सुटला की बरं वाटायचं, एवढंच. शिवाय आप्पा विचारायचे, "तुले काय वाटस?" असं मला आधी कुणी विचारलं नव्हतं.

आमचा मोठा उद्योग म्हणजे दोन टाक्या. मोटार पेट्रोलवर सुरू करायची, तापली की नळीवरचा कॉक फिरवून रॉकेलवर टाकायची, शेतातल्या इंजिनासारखी. मात्र बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणायची. नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहतं आणि थंड इंजिन उठत नाही. हे मीच आप्पांना शिकवलं होतं.

थंडीत तार आली, आई अत्यवस्थ. नंदुरबारची गाडी गाठायची होती.

"चाल, बस मोटारमा. तूच चालव."

वाटेत नाल्यात कापसाची बैलगाडी रुतलेली. मी सवयीने किल्ली फिरवून मोटार बंद केली आणि बसून राहिलो. अर्ध्या तासाने बैलगाडी निघाली. मोटार निघेना.

"आप्पा, मन्हा बैल जुपू का मोटारले?" गाडीवान हसला. आप्पा हसले नाहीत. मी कॉककडे पाहिलं. रॉकेलवर. त्यांनीही पाहिलं.

"मन्ही चूक शे," ते म्हणाले. "मी तुले सांगाले पाहिजे व्हतं."

कार्ब्युरेटर उघडून त्यातलं रॉकेल ओतलं, प्लग पुसले, हँडल मारलं. स्टेशनात पोचलो तेव्हा रूळ मोकळे होते. पुढची गाडी दुसऱ्या दिवशी, त्याच वेळेला.

घरी सकाळी पोचलो. आईला आदल्या दुपारी नेलं होतं. रडू आलं नाही. बहीण काहीतरी विचारत होती आणि मी तिला गाड्या कुठे कुठे बदलल्या ते सांगत होतो.

दिवसकार्य उरकून परतलो, तर आप्पांनी रॉकेलची टाकी काढून गोठ्यात ठेवलेली. नळीच्या तोंडात चिंधी. आता मोटारही विकतील, मग माझं काय काम, असं मनात आलं.

रविवारी मी टाकी उचलून आणली.

"ऱ्हाऊ दे रे भाऊ."

मी कॉक किल्लीच्या शेजारी बसवला आणि त्याला लोखंडी पट्टीची लांब मूठ जोडली. मूठ रॉकेलकडे असली की ती किल्लीवर आडवी येते. पेट्रोलकडे वळवल्याशिवाय किल्लीला बोटच लागत नाही. आप्पांनी चारदा करून पाहिलं.

एवढंच तर काम होतं; पट्टी कापून, घासून, बसवून सगळं दुपारच्या जेवणाआधी झालं.