मुकर्रर की वन्स मोअर

“‘मुकर्रर’ म्हणायचं नाही. दोनदा सांगितलं तुला.”

“मंग काय म्हणायचं?”

“वन्स मोअर.”

“हे मराठी हाय?”

“पुण्यात असंच म्हणतात.”

“म्हणू दे. मला तर गोऱ्या साहेबाच्या तोंडचं वाटतंय.”

“द्वारके, नाटकाला यायचंय की वाद घालायचाय?”

“दोन्ही. तांगा येस्तोवर वाद, मंग नाटक.”

द्वारकाबाई तोंडात आकडे धरून अंबाडा घालत होत्या, त्यामुळं त्यांचं बोलणं आकड्यांतून गाळून येत होतं. लक्ष्मीबाई दारात उभ्या राहून ते गाळलेलं बोलणं पुन्हा गाळत होत्या. ‘मंग’ नाही, ‘मग’. ‘हाय’ नाही, ‘आहे’.

दोघी फुलंब्रीच्या, एकाच गल्लीतल्या. दोघी उर्दूतून शिकल्या आणि औरंगाबादेत मुलींच्या एकाच शाळेत मास्तरणी झाल्या. द्वारकाबाईंनी बारा वर्षं जमा, तफरीक, जर्ब, तकसीम शिकवलं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि तीन वर्षांत फळ्यावरची अक्षरं उजवीकडून निघायची ती डावीकडून निघायला लागली. गणित तेच राहिलं. फक्त बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार म्हणताना द्वारकाबाईंना आपण दुसऱ्याच्या घरात भांडी शोधतोय असं व्हायचं.

लक्ष्मीबाई मात्र सहा महिने पुण्याला जाऊन ट्रेनिंग घेऊन आल्या होत्या. जाताना ‘लई’ घेऊन गेल्या, येताना ‘खूप’ घेऊन आल्या. ‘लई’ कुठं सोडला ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

शाळेत नोटीस लागली होती. उर्दूतून शिकलेल्या शिक्षिकांची मराठीची तोंडी परीक्षा होणार. ‘त्यासाठी सतरा तारीख मुक्रर करण्यात आली आहे.’ नापास झाली तिची नोकरी गेली. नोकरी गेली म्हणजे द्वारकाबाईंना फुलंब्रीला भावाच्या घरी जाऊन भावजयीच्या चुलीपुढं बसायचं होतं, आणि त्या भावजयीनं ती जागा आधीच सारवून ठेवली होती, असं त्या म्हणायच्या.

सोळा तारखेला शहरात संगीत नाटकाची कंपनी आली. लक्ष्मीबाईंनी दोन तिकिटं काढली. “चार तास शुद्ध मराठी कानावर पडेल. परीक्षेची तयारी समज. आणि नीट वाग. परीक्षक पुण्याहून आलेत, मोठ्या बाई त्यांना पहिल्या रांगेत बसवणार आहेत.”

गुलमंडीच्या बाजूला मैदानात कनाती लावून थिएटर उभं केलं होतं. बायकांची बाजू डावीकडं, मधे दोरी. दोरीच्या अलीकडं तिसऱ्या रांगेत दोघी बसल्या. नायकाचं काम करणारे बुवा पन्नाशीचे होते. पोट शेल्यानं आवळलेलं, आणि नायिकेला उचलून घ्यायच्या प्रसंगी नायिकाच त्यांना सावरत होती.

“ह्याच्यासाठी रुपाया घातलास व्हय गं?”

“गप्प. ‘ह्यांच्यासाठी’ म्हण.”

तिसऱ्या अंकात बुवांनी निरोपाचं पद सुरू केलं. पोट, शेला, वय, सगळं कुठं गेलं कळलं नाही. समेला आवाज असा आला की गॅसबत्तीचा फरफर आवाजसुद्धा आगाऊ वाटला. पद संपलं. थिएटर गप्प. अशा वेळी पुणेकर वन्स मोअर देतात, हे औरंगाबादकरांना ठाऊक नव्हतं. आणि औरंगाबादकर जे देतात ते आता द्यावं की नाही, याची पुरुषांच्या बाजूला सगळ्यांनाच शंका होती.

लहानपणी द्वारकाबाईंचे वडील त्यांना मुशायऱ्याला न्यायचे. बायका बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसायच्या. शेर आवडला की बाहेर पुरुष ‘मुकर्रर! मुकर्रर!’ ओरडायचे, म्हणजे पुन्हा म्हणा. चिकाआडच्या बायकांनी तो शब्द ओठातच ठेवायचा. द्वारकाबाईंनी तो वीस वर्षं ठेवला होता.

“मुकर्रर!”

एकच आवाज, बाईचा, खणखणीत. तबलजीच्या हाताखालचा डग्गा आपसूक घुमला. बुवांनी आवाजाच्या दिशेनं पाहिलं, किंचित वाकून हात कपाळाशी नेला, आणि पद पुन्हा घेतलं. पहिल्याहून सरस.

पद संपता संपता पहिल्या रांगेतली दोन डोकी मागं वळली. एक मोठ्या बाईंचं, एक परीक्षकांचं. मोठ्या बाईंनी भुवया उंचावून विचारलं, कोण?

लक्ष्मीबाई उभ्याच राहिल्या. “मी नाही हं! ह्या द्वारकाबाई. मी ह्यांना आधीच बजावलं होतं.”

पुढं नाटकात काय झालं ते द्वारकाबाईंना कधीच सांगता आलं नाही. साप चावायला आला तरी ‘द्वारके, पळ’ म्हणणारी ही बाई. तिनं जन्मात पहिल्यांदा त्यांना अहोजाहो केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत परीक्षा झाली. टेबलामागं परीक्षक, आणि शेजारी गुण लिहायला, पुण्याचं ट्रेनिंग म्हणून, लक्ष्मीबाई.

“काल आपण एवढ्या मोठ्यानं काय मुक्रर केलंत, बाई?”

“पद, साहेब. पुन्हा म्हणा म्हणून.”

“मुक्रर म्हणजे ठरवलेलं. तारीख मुक्रर करतात. पद कसं करतील?”

“ते दोन शब्द हायेत साहेब. जुळ्या बहिणींवानी. उर्दूत लिहिले की येगळे दिसत्यात, मराठीत एकीला हाक मारली की दुसरी वळून बघती. तुमच्या नोटिशीतली एक, माझी दुसरी.”

परीक्षकांनी टेबलावरची नोटीस उलटून पाहिली. ती त्यांच्याच सहीची होती. त्यांनी ती पुन्हा फायलीखाली सरकवली.

“ते असू द्या. एखादं पद पुन्हा ऐकायचं असेल तर शुद्ध मराठीत काय म्हणाल?”

परीक्षकांच्या खांद्याआडून लक्ष्मीबाईंचे ओठ जिवाच्या आकांतानं हलत होते. द्वारकाबाईंना भावजयीची सारवलेली जागा दिसली.

“वन्स मोअर,” त्या म्हणाल्या.

“उत्तम!” परीक्षक म्हणाले. “सुधारणा आहे. उच्चारही स्वच्छ. लिहा, उत्तीर्ण.”

लक्ष्मीबाईंनी लिहिलं. परीक्षक चहाला उठले. त्यांची पावलं व्हरांड्यात लांब गेल्यावर लक्ष्मीबाईंनी टाक खाली ठेवला.

“बघ! मी शिकवलं म्हणून वाचलीस. घाबरवलंस की गं लई.” तो ‘लई’ कुठून आला कुणास ठाऊक. त्या स्वतःच दचकल्या आणि घाईनं पुढं बोलल्या, “कंपनी शनिवारपर्यंत आहे. दुसरं नाटक लावणार आहेत. तिकिटं मी काढते. जायचं ना आपण?”

द्वारकाबाईंनी पदर खांद्यावर घेतला.

लक्ष्मीबाई म्हणाल्या, “काल तेव्हा काय बोलणार होते मी? मोठ्या बाईंनी विचारलं. नाव सांगितलं फक्त. तेही आदरानं.”

द्वारकाबाई उंबऱ्यापाशी जाऊन चपला सरकवू लागल्या.

“द्वारके!”

एक चप्पल पायात गेली.

“अगं, द्वारके!”

दुसरी गेली.

“द्वारकाबाई... अहो, द्वारकाबाई!”

व्हरांड्यातून चपलांचा आवाज पाचवीच्या वर्गाकडं गेला. तिथं भागाकार राहिला होता.