माह्या खुब्यातली सरकारी प्लेट

तान्ह्या पोळ्याले लेकरं लाकडाचा नंदी ओढतात. त्याच्यावर मोठ्या माणसानं बसाचं नसते, हे आमच्या नागपुरात बोबड्या लेकरालेबी समजते. मले साठी उलटून गेली तरी समजलं नाई.

झालं असं, का नातीच्या नंदीची चाकं कुरकुर करून राहिली होती. मी त्याईले तेल पाजलं. तेल पाजून गप बसावं का नाई? तं मी ट्रायल घ्याले वर बसलो. गल्लीतला सिमेंट रोड उताराचा. नंदी सुटला तो सुटलाच. गटाराच्या काठाशी आला अन् शहाण्यासारखा थांबला. मी नाई थांबलो.

मी नालीत आडवा, अन् नात टाळ्या पिटून राहिली, "आबाजी, अजून एकदा!"

खुब्याचं हाड मोडलं. प्रायव्हेटवाल्यानं खर्च सांगतला तं पोरानं पयले पाणी मागतलं. मग मले सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं रेशनकार्ड दाखवलं, योजनेत बसलो, अन् ऑपरेशन फुकटात झालं. हाडाले प्लेट मारली, स्क्रू कसले. आमच्या घरचं फाटकबी एवढं मजबूत नाई.

बायको खाटेपाशी बसून म्हणे, "चपराश्याच्या नोकरीसाठी साहेबलोकाइच्या दारात चपला झिजवल्या जी तुमी. तुमी काही लागले नाई. पाय लागला सरकारात."

वार्डात सारे माह्याच उमरीचे. कोणी बाथरूममंधी घसरलेला, कोणी कूलरचं गवत बदलवताना स्टुलावरून खाली आलेला. मी कायच्यावरून पडलो ते सांगतलं, तं सारा वार्ड हसता हसता टाके धरून बसला. एकजण म्हणे, "हसवू नको गा, माहा स्क्रू ढिला होऊन राहिला!"

मग व्यायामवाल्या मॅडम वॉकर घेऊन आल्या. "उठा काकाजी, चालाचं हाये."

मी नाई म्हटलं. दुसऱ्या दिवशीबी नाई म्हटलं. कारण बाजूच्या खाटेवरच्या बुढ्यानं मले सांगून ठेवलं होतं, का ही प्लेट बहुत महाग असते, सरकार पैसे भरते. शाळेत मी काही टिकलो नाई, पण डोकं तं चालवलंच. म्हटलं, वस्तू सरकारची, वापरणार मी. चालून चालून घासली, वाकली, तं भरून कोण देईन? योजना का दुसऱ्यांदा उभं करन आपल्याले? लग्नात आलेली चांगली भांडी कशी फडक्यात बांधून माळ्यावर ठेवतात, कोणी वापरत नाई, तसा मी पाय चादरीत गुंडाळून ठेवला. कोणाले हात लावू देईना.

डॉक्टर येऊन तपासून गेले. जाता जाता बायकोले म्हणाले, "असेच पडून राहिले तं मग उठणं होणार नाई. कायमचे खाटेवर." ते गेल्यावर बायकोचं लग्नापासून जे तोंड बंद झालं नव्हतं, ते बंद झालं. तवा मात्र मी मॅडमची वाट पाहाले लागलो.

मॅडम आल्या. "काहून चालत नाई काकाजी? दुखते का?"

"दुखत नाई जी मॅडम. प्लेट घासन."

"काय घासन?"

सारं सांगून टाकलं. मॅडम खाटेच्या काठावरच बसल्या. तोंडाले ओढणी लावून हसत राहिल्या, डोळ्यात पाणी येईपर्यंत. मग म्हणाल्या, "काकाजी, चालासाठीच टाकली ती. झोपून राहिले तं पाठीले जखमा होतीन, छातीत कफ भरन. पुन्हा भरती, पुन्हा औषध, पुन्हा हीच खाट. सरकारचा खरा खर्च तिथं होते. तुमी चालले, तं सरकारले ते सगळ्यात स्वस्त पडते."

बायकोचं तोंड उघडलं. "ऐकलं काय जी? जिंदगीत पयल्यांदा तुमच्या भटकण्यानं कोणाचा तं फायदा होऊन राहिला. उठा!"

उठलो. वॉकर दोन्ही हातानं पकडला. पाय टेकवला. प्लेटनं हूं का चूं केलं नाई. दुसरा पाय टाकला.

"रस्ता सोडा गा," कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज आला, "मंत्री दौऱ्यावर निघाले!"

बायको माह्यापुढे उलटी चालून राहिली होती, दोन्ही हात पसरून. मी पडलो तं झेलणार होती. ती केवढीशी, मी केवढा!

म्हटलं, "पुढं पाहून चाल वं, तू पडशीन."

"मी तुमच्याकडे पाहतो," म्हणे, "रस्ता तुमी पाहा."

असे आम्ही दोघं वार्डाच्या दाराबाहेर निघालो. व्हरांड्यात चांगलं ऊन पडलं होतं. मॅडम म्हणाल्या, "बस, आता वापस फिरा."

म्हटलं, "थांबा नं जी, आत्ताच तं आलो."