मंजूर, नामंजूर आणि सावंतबाई

काही ऑफिसांत किस्से आठवून आठवून सांगावे लागतात. आमच्याकडे सर "नवीन सिस्टीम घेऊया" म्हणाले की महिनाभर पुरतील एवढे आपोआप गोळा होतात.

आमचं अंधेरीत लिफ्ट दुरुस्तीचं काम. सोसायटीचा फोन आला की सावंतबाई माणूस पाठवतात. बावीस वर्षं हेच. यंदा सरांनी ठरवलं, तक्रारीपासून दुरुस्तीपर्यंत सगळं क्लाउडवर, आपोआप. कोणाची सर्व्हिस घ्यायची हे शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण एकदा मी बंद पडलेला प्रिंटर चालू केला होता.

बाईंनी मला गाठून सरळ विचारलं, "हे आलं की मी घरी ना रे?"

मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, हे सगळं चालतं कसं याची उत्सुकताही होतीच.

*

पहिल्या कंपनीची मुलगी आली आणि बोर्डावर चौकोन काढायला लागली. "तक्रारी कुठून येतात?"

"फोन, व्हॉट्सअ‍ॅप आणि पार्ल्याचे एक आजोबा," बाई म्हणाल्या. "ते स्वतः येतात. चार मजले उतरून."

"लिफ्ट बंद असताना?"

"चालू असली तर कशाला येतील?"

मुलीने आजोबांसाठी वेगळा चौकोन काढला.

*

दुसऱ्या कंपनीने आठवडाभर फुकट वापरायला दिलं. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने मोबाइलवर फॉर्म भरला. 'इतर'खाली लिहिलं, "लिफ्ट ठीक आहे. तिसऱ्या मजल्यावरचे लोक दार उघडं टाकतात, त्यांना समजवा."

सिस्टीमने आपोआप आमच्या मेकॅनिकला, कांबळेला पाठवलं. तोही हत्यारांची बॅग घेऊन गेला. काम पूर्ण केल्यावर त्याने नोंद केली, "समजावलं."

आम्ही सगळे हसलो. बाई नाही हसल्या. "म्हणजे माझ्याशिवाय चालतं," एवढंच म्हणाल्या.

*

तिसऱ्या कंपनीचा देसाई एकदम हुशार. त्याने नव्या मोटरची मागणी थेट सरांच्या मोबाइलवर पाठवून दाखवली. खाली दोन बटणं, मंजूर आणि नामंजूर. सरांनी दोन्ही सोडली, शेऱ्याच्या जागी 'बघतो' लिहिलं आणि मोबाइल खिशात टाकला. सिस्टीम तिथेच अडकली.

"सर, हो की नाही?" देसाईने विचारलं.

"बघतो म्हटलं ना."

देसाईने माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे.

"नाही म्हणालेत," बाई रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाल्या. "मंजूर असलं की 'बघू' म्हणतात."

"आणि 'बघूया' म्हणाले तर?"

"मग जेवणानंतर परत विचारायचं."

सर चाट पडले. "मी असं बोलतो?"

"पहिल्यापासून," बाई म्हणाल्या.

देसाई थोडा वेळ लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला. मग म्हणाला, "सर, मंजुरीच्या पायरीवर बाईंचं नाव टाकावं लागेल. टाकू?"

सर म्हणाले, "बघू."

बाई देसाईला आपला ईमेल सांगू लागल्या.