हाताची चोच

सुमीने तोंड उघडलं. जिभेवर, गालांच्या आतून, टाळूपर्यंत पुन्हा तोच पांढरा थर. तीन महिन्यांत ही चौथी वेळ.

मी तेव्हा इंटर्न होतो. म्हणजे परीक्षा पास, पण अजून पुरता डॉक्टर नाही. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि माझं पोस्टिंग आर्वी तालुक्यातल्या एका लहान आरोग्य केंद्रात होतं. सुमी चार वर्षांची. तिची आई कांताबाई तिला रोहण्याकडून एसटीने आणायची.

थ्रश म्हणजे तोंडात होणारी बुरशी. तान्ह्या बाळांना होते, औषध लावलं की जाते. चार वर्षांच्या मुलीला ती सारखी होणं बरोबर नाही, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. माहीत नसलं की मी स्वच्छतेवर बोलायचो.

"फडकं उकळून घेता ना?"

"घेतो न जी."

"हात साबणाने धुता?"

"धुतो."

"मग परत कसं झालं?"

कांताबाईने पिशवीतून जेन्शन व्हायोलेटची रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली. हे बुरशीवर लावायचं जांभळं औषध. तिचं बोटही जांभळं झालं होतं.

"पाहा. समदी लावली. गावात बाया इचारते, कांते, पोरीचं तोंड जांभळं काऊन? मी का सांगू त्याइले? डाक्टर म्हनते, माय घानेरडी हाये?"

मी असं म्हटलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मनात तेच होतं.

"आजच्यानं नाई झालं तं मी काई येत नाई आता," ती म्हणाली. "तीनच्या गाडीनं जातो."

मी मेडिकल ऑफिसरसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "गजभिये, सारखी बुरशी असली की आधी साखर बघायची. डायबेटिस लहान मुलांनाही होतो. रक्त काढ, वर्ध्याच्या लॅबला पाठवू."

रक्त काढताना दंडाला रबरी नळी बांधतात, म्हणजे शीर फुगते. सुमीचा दंड माझ्या दोन बोटांएवढा. पहिली सुई चुकली, दुसरीही. मध्ये नळी सैल करायला हवी होती, तेही मला सुचलं नाही. कांताबाई सुमीला मांडीवर धरून होती.

"डॉक्टर, नळी सोडा," सिस्टर म्हणाल्या. "पोरीचा हात बघा."

अंगठा तळहातात शिरला होता. चारही बोटं ताठ, एकमेकींना चिकटलेली, आणि मनगट खाली वाकलेलं. मी नळी सोडली, बोटं सरळ करायला गेलो. होईनात.

कांताबाई मात्र घाबरली नाही. "झाली पाहा चोच."

"काय झालं?"

"चोच जी. पयल्याच दिशी सांगतलं होतं न तुमाले, हाताची चोच होते म्हनून. तुमी लिवलं बी होतं."

मी केसपेपर मागे उलटला. पहिल्या भेटीच्या नोंदीत माझ्याच अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं होतं: 'मेक्स बीक विथ हँड. प्लेफुल चाइल्ड.' हाताची चोच करते, खेळकर मुलगी.

ती 'होते' म्हणाली होती. मी 'करते' लिहिलं होतं.

हे दुसऱ्या कोणाकडून झालं असतं तर समजण्यासारखं होतं. माझी आईही कांताबाईसारखीच बोलते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. हॉस्टेलमध्ये माझ्या 'मले-तुले'वर मुलं हसायची, म्हणून दवाखान्यात मी जपून पुस्तकी मराठी बोलायचो आणि ऐकलेलं झटपट इंग्रजीत लिहून मोकळा व्हायचो. त्या घाईत एक क्रियापद बदललं आणि आजाराचा खेळ झाला.

साहेब धावत आले. त्यांनी सुमीच्या कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली. तिचा ओठ फडफडला.

"कॅल्शियम खूप कमी झालंय, म्हणून नळीने हात आखडला, टिचकीने ओठ उडाला," ते म्हणाले. मग कांताबाईकडे वळले. "श्वास घेताना कधी आवाज येतो का हिला?"

"येते न. कोंबड्यावानी. वाटलं, खोकला असन."

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "हात आखडला तसा गळा आखडला, तर श्वास बंद होईल. कॅल्शियम ग्लुकोनेट काढ. शिरेतून, अगदी हळू. जोरात गेलं तर हृदय थांबतं. मी देतो, तू ठोके ऐक. मंद झाले की सांग."

त्यांना शीर लगेच सापडली. मी स्टेथोस्कोप सुमीच्या छातीवर ठेवला. माझ्याच कानातले ठोके इतके मोठे होते, की तिचे कुठले ते कळेना. थोड्या वेळाने मला अंतर वाढल्यासारखं वाटलं.

"सर, मंद वाटतंय."

"वाटतंय की आहे?"

"माहीत नाही... आहे. आहे सर."

त्यांनी हात थांबवला. मी मोजत राहिलो. ठोके पुन्हा जवळ आले तसं मी मान हलवली आणि साहेबांनी उरलेलं औषध थेंबाथेंबाने दिलं. आधी अंगठा सुटला, मग बोटं. सुमीने हात उघडमीट करून पाहिला आणि मग तिला आठवलं, की आपल्याला सुया टोचल्या आहेत. ती जोरात रडायला लागली.

तीनची गाडी गेली होती. साहेबांनी केंद्राची जीप देऊन मायलेकींना नागपूरला पाठवलं.

तिथे निदान झालं. आजार दुर्मीळ होता. गळ्यात कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार इवल्या ग्रंथी असतात, त्या बंद पडत चालल्या होत्या. बुरशी हा त्याच आजाराचा भाग. तिच्या शरीराला ती आवरता येत नव्हती. कितीही फडकी उकळली असती तरी ती आलीच असती.

सुमी परत आली ती रोज कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीवर. बुरशीसाठी निस्टॅटिनचे थेंब, तोंडात घोळवायचे, नंतर अर्धा तास पाणीही नाही. थर गेला तरी काही दिवस चालू ठेवायचे. फारच वाढली तर नव्याने निघालेली गोळी, पण ती लिव्हरला जड, म्हणून डोळे पिवळे दिसले की लगेच यायचं. हे सगळं मी कांताबाईला समजावलं. या वेळी आमच्या घरच्या बोलीत.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुमी आमच्याइकडलेच काय, भाऊ?"

"हो."

"मंग इतके दिस काऊन तसे बोलून राह्यले होते?"

मी म्हणालो, "बाई, तुमची काई चूक नवती. माह्यी होती."

तिने केसपेपरकडे बोट दाखवलं. "ते कागदावर लिवा न. इथं का बोलता?"

मी 'मेक्स' खोडलं आणि खाली मराठीत लिहिलं: हाताची चोच होते.

बुरशी त्या पावसाळ्यात दोनदा आली, पुढेही येत राहिली. आम्ही ती लवकर पकडत गेलो, इतकंच. माझ्या केसपेपरवर तेव्हापासून पहिली ओळ मुलाच्या आईची असते, तिच्या शब्दांत. माझं इंग्रजी त्याच्याखाली.