मंदाने मागितलेली प्रार्थना

गेल्या शुक्रवारी आमच्या चर्चच्या बहिणींची प्रार्थना माझ्या घरी होती. अकोल्याच्या जठारपेठेतलं आमचं घर लहान आहे, पण हॉलमधला सोफा आत सरकवला की सतरंजीवर सगळ्या मावतात.

माझे मिस्टर गेल्यापासून माझ्या घरची ही पाळी मी पुढे ढकलत होते. कधी तब्येतीचं सांगितलं, कधी पाहुण्यांचं... या वेळी आमच्या चर्चच्या पाळकबाईंनी ग्रुपवर सरळ माझं नाव टाकलं. नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं.

खरं कारण कुणालाच माहीत नव्हतं. मिस्टरांना अमरावतीला, त्यांच्या आईवडिलांशेजारी माती दिली, त्या दिवसापासून मला प्रार्थना करता येत नव्हती. चर्चला जायचे, गीतं सुरू झाली की पुस्तक उघडून उभी राहायचे... पण आतून शब्दच येत नव्हते. देवावर राग होता असंही नाही. त्याच्याशी काय बोलायचं तेच कळत नव्हतं. हे आता कायमचंच झालं की काय, याची मला भीती वाटायची.

शेजारची मंदा चहा करायला आली होती. तिच्या घरची फुलशेती आहे, सकाळी ती फुलं विकते. आम्ही इतकी वर्षं शेजारी आहोत की मधल्या भिंतीवरून वाट्या जातात-येतात. आमच्याकडे प्रार्थना असली की ती नेहमी स्वयंपाकघरातच थांबायची. या वेळी पाळकबाई म्हणाल्या, "मंदाताई, आत काय बसता एकट्या, इकडे या." ती आली आणि माझ्या शेजारी बसली.

आमच्यात बसल्या जागी ओळीने एकेक जण प्रार्थना करते. जिला मोठ्याने करायची नसेल, तिने शेजारणीचा हात हळूच दाबायचा. मग शेजारीण सुरू करते. नवीन मुली, लाजणाऱ्या बायका असंच करतात. मी आजवर कधी केलं नव्हतं.

पाळी जवळ येत गेली. डोळे मिटलेलेच होते. माझ्या आधीच्या ताईंचं "आमेन" झालं आणि मी शेजारचा हात दाबला... तो मंदाचा हात आहे, तिला ही पद्धत माहीत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मंदा बोलायला लागली.

"देवा... मी मंदा. बाजूच्या घरची. तू मले वळखत नसशील, मी तुह्या देवळात येत नाही. हिनं हात दाबला म्हनून बोलून राहिली."

कुणीतरी हसू दाबलं. मंदा थांबली नाही.

"या करुणाचा मानूस तू नेला. भाऊजी लय चांगले होते. बिमार होते थे मले माहीत हाय, पन इतकी घाई काऊन केली? जाऊ दे, तुह्यं तुले माहीत. पन हे बाई जेवत नाही. मी डबा देतो, थो तसाच वापस येते. कोनासंग बोलत नाही. तुह्यासंगही बोलत नाही, मले समजते. पह्यले सकाळी खिडकीतून हिचा आवाज ये, तुह्यासंग बोलाचा. आता येत नाही. हिच्यावर राग नोको धरू, देवा. दुखात हाय थे."

आणि ती गप्प झाली.

आमच्याकडे प्रार्थना "येशूच्या नावाने मागते" असं म्हणून संपते, मग सगळ्या "आमेन" म्हणतात. मंदाला हे कुठून माहीत असणार? बायका डोळे मिटून वाट बघत होत्या. मंदाही वाट बघत होती, आता पुढे काय करायचं याची.

मग तिने माझा हात दाबला. बोलून झालं की हात दाबायचा, असं तिला वाटलं असावं.

आता पुढचं मलाच म्हणायचं होतं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. मी परत प्रयत्न केला. "मंदाने जे मागितलं... ते प्रभू येशूच्या नावाने मागते..."

सगळ्यांचं आमेन एकदम आलं. मंदाचं थोडं मागून आलं.

नंतर मी आत गेले. ती चहा गाळत होती. माझ्याकडे बघून घाबरली.

"काऊन वं, चुकली का मी? तुमच्या पाळकबाई डोये पुसून राहिल्या होत्या."

"नाही चुकली."

"मंग तू काऊन रडून राहिली? आता बोलावनार नाही कोनी मले प्रार्थनेले, सगळ्याइले रडवलं म्हनतीन." आणि मग कप माझ्याकडे सरकवत म्हणाली, "घे, पह्यले तू पी. अन् आज डबा वापस आला त मी देवाले परत सांगीन, ध्यानात ठेव."

मी हसले. कितीतरी दिवसांनी...

या दिवसांत माझ्यासाठी पुष्कळ जणांनी प्रार्थना केली, अकोल्यात आणि अमरावतीलाही. त्या सगळ्यांची मी आभारी आहे. मंदा फेसबुकवर नाही, त्यामुळे हे तिला वाचून दाखवावं लागेल, आणि ती मला ओरडणार हे नक्की.

स्वतःचं असं देवाशी बोलायला मला अजून जमत नाही. त्या शुक्रवारी मी फक्त मैत्रिणीची अर्धी राहिलेली प्रार्थना पूर्ण केली... पण ती माझ्यासाठीच होती, आणि देवाने ती माझ्या तोंडून ऐकली.