फक्कीच्या भिंती

पत्र्यांचा ट्रक आला, गुरुजी आले नाहीत. त्या दिवसातले मला एवढेच नीट आठवते. ट्रक दिसताच पोरे ओरडत धावली होती, कारण नव्या शाळेवर चढवायचे पत्रे आणायला आमचे हेडमास्तर नारायण गुरुजी सकाळीच दौंडला गेले होते. ड्रायव्हर खाली उतरेना. मी जवळ गेले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, पत्रं भरून झालं, मास्तर च्या प्यायला बसलं, आन्... बसल्या जागी गेलं." मी विचारले, कुठे गेले? खरोखरच विचारले. सकाळी एस.टी.त चढता चढता ते माझ्यावर डाफरले होते... खिडक्या पोरांना बसून बाहेर दिसेल एवढ्याच उंचीवर हव्यात, गवंडी ऐकत नाही, तुम्ही लक्ष ठेवा म्हणून. असा डाफरणारा धडधाकट माणूस दुपारपर्यंत मरतो कसा? महिना होत आला, आणि खरे सांगायचे तर मला अजून त्यांचा रागच येतो.

आमचे गाव शिरूरहून दौंडकडे जाताना घोड नदीच्या काठाला लागते. मी इथे शिक्षिका म्हणून आले तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. गावातली पोरे आत सभामंडपात, बौद्धवस्तीतली बाहेर ओट्यावर उन्हात. मीही बौद्ध, म्हणून मी उंबऱ्याबाहेर उभी राहून आतल्या पोरांचे पाढे घ्यायची. कुणी मला वाकडे बोलत नसे. तसेच चालत आले होते, आणि तसेच चालणार असे मीसुद्धा धरून चालले होते. मग गुरुजी बदलून आले. आठवडाभर त्यांनी नुसते पाहिले, एक शब्द बोलले नाहीत. बोलल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली घास उतरत नसे, त्यांच्या मानाने हे फारच झाले. त्यानंतर शिरूर आणि पुण्याच्या कचेऱ्यांत इतके हेलपाटे घातले की साहेब लोक त्यांना बघूनच कंटाळले असावेत. चार खोल्या मंजूर झाल्या. जागा ठरली गाव आणि वस्ती यांच्या मधल्या माळावर.

मंजुरी आली, पण दगड-सिमेंट काही येईना. तेव्हा एका सकाळी गुरुजींनी खेळाचे मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीने माळावर सगळी शाळाच आखून काढली. चार खोल्या, पुढे पडवी, दारांच्या जागा मोकळ्या. एक खोली नुसती मातीकामाला आणि चित्रांना, तिथे फळाच नाही. मी म्हटले, गुरुजी, ह्याला शाळा म्हणायची? ते धनगराच्या घरातले, लहानपण मेंढरांमागे गेलेले. म्हणाले, "आमच्या घराला भिंत कवा होती, बाई? सांजच्याला मेंढरांभवती जाळी लावली की झालं घर."

दुसऱ्या दिवसापासून शाळा त्या फक्कीच्या खोल्यांत भरू लागली. नियम एकच, आत-बाहेर करायचे ते दारातून. रेघ ओलांडून कुणी आले की तो भिंतीतून आला म्हणून अख्खा वर्ग त्याला माघारी धाडी. रेघ विस्कटली की पोरेच ती नीट करीत. पहिलीतला एक तर भिंत लागली म्हणून कपाळ चोळत बसला होता. आणि या खोल्यांत सगळी पोरे आपापल्या इयत्तेप्रमाणे मांडीला मांडी लावून बसत. ओटाच नव्हता, मग ओट्यावर बसवणार कुणाला?

सोपानआप्पा हे गावातले वजनदार माणूस. आपली मुलगी वस्तीतल्या मुलीला चिकटून बसते हे त्यांच्या कानावर गेले आणि ते तिला उठवून न्यायला आले. तरातरा चालत थेट रेघेपाशी. वर्गाने त्यांना सांगितले की इथे भिंत आहे. आप्पा थबकले. त्यांनी गुरुजींकडे पाहिले, गुरुजींनी पुस्तकातून मान वर केली नाही. आणि काय सांगू, आप्पा मुकाट्याने वळले आणि पडवीला वळसा घालून दारापाशी आले. तेवढ्या चालण्यात त्यांचा राग कुठे सांडला कोण जाणे. पोरीला आज लवकर सोडा, घरी पाहुणे आहेत, एवढेच ते गुरुजींना म्हणाले आणि गेले. मी समोर होते, पण माझ्याशी ते कधीच बोलत नसत. बाईंना सांगा, असे माझ्यादेखत गुरुजींना म्हणत.

त्या दिवशी गुरुजी ठसका लागेपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "नसलेली भिंत पोरांनी मानली. खरी उभी राह्यली म्हंजी कळंल. डोक्यावर छप्पर येईस्तवर ही शाळा कवाबी देवळात माघारी जाईल, बाई."

पुढे सामान आले, भिंती चढल्या, खिडक्या बुटक्याच बसल्या. राहिले होते फक्त छप्पर. आणि छपराचे पत्रे आले ते असे...

दहावा झाला. पत्रे पडवीत तसेच पडून होते. पारावर बोलणे सुरू झाले होते की नवा हेडमास्तर येईपर्यंत शाळा देवळात भरवावी, उन्हात पोरांचे हाल नकोत. मी ते ऐकले आणि समजले, संपले सगळे. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आले. दारांना फळ्या बसायच्या होत्या, नुसती चौकट होती. मी आत वर्ग घेत होते. आता हे देवळात चला म्हणणार, आणि मला पुन्हा उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, एवढेच माझ्या डोक्यात होते. आप्पांनी वहाणा काढल्या. गुरुजींची खुर्ची असायची त्या कोपऱ्याकडे सवयीने पाहिले, तिथे कुणी नव्हते. मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"बाई, आत येऊ का? पत्रं चढवायला माणसं आणल्यात."

ड्रायव्हरने सांगितले तेव्हा, दौंडहून त्यांना आणले तेव्हा, नदीकाठी चिता पेटली तेव्हासुद्धा जे मला पटले नव्हते, ते त्या क्षणी पटले. गुरुजी खरोखरच गेले होते. एरवी आप्पांनी मला विचारलेच नसते.