नदीत टाकलेले काळे मणी

त्या रविवारी दुपारी मी आणि माझी बायको ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. माझ्या हातून दाणे मोडायचे. ती म्हणाली, "राहू द्या तुम्ही, नुसता भुगा करताय." दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

तिचं ध्यान वालात नव्हतंच. सकाळी चर्चच्या प्रार्थनेत नव्या पाळकानं सांगितलं होतं, बाईनं मंगळसूत्र घातलं म्हणून पाप लागत नाही, देव मन बघतो.

आम्ही धुळ्याकडचे. इकडं सायली गावात कंपनीत लागलो, तिथंच खोली घेतली. बायको फार आजारी पडली तेव्हा चर्चच्या मंडळीतले लोक रोज येऊन प्रार्थना करायचे. ती उठली, म्हणून आम्ही विश्वासात आलो. बाप्तिस्मा दमणगंगेत. तेव्हाचा पाळक म्हणाला, काळे मणी ही मूर्तिपूजा, ते घालून पाण्यात उतरायचं नाही. तिनं आपल्या हातानं काढले आणि नदीत सोडले.

तेव्हापासून चाळीत नवीन आलेली बाई तिला विधवाच समजायची. नळावर एकीनं विचारलं, "मग रोज डबा घेऊन जातं ते कोण गं?" ही म्हणाली, "भूत आहे. पण पगार आणतं." तिथं हसली. खोलीत येऊन रडली.

त्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर तिनं नव्या पाळकाला अडवलंच. "आधी पाप होतं, ते आता कुठं गेलं?"

पोरसवदा माणूस, मनानं चांगला. म्हणाला, "काकू, तेव्हाची शिकवण कडक होती. आता समज वाढली."

वाल सोलता सोलता ती म्हणाली, "समज त्यांची वाढली, गळा माझा उघडा राहिला. उद्या आमलीच्या बाजारात जाऊ. सोनं नको, नुसते काळे मणी घ्या."

"सुट्टी टाकतो," मी म्हणालो.

संध्याकाळी चहा ठेवायला उठली आणि स्टोव्हपाशीच खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

सकाळी माणसं जमली, पेटी आली. मी कुणाला न सांगता आमलीला गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, काकूंना आणायचं ना, लांबी बघायला." मी माझ्याच छातीवर बोट ठेवून दाखवलं, इथपर्यंत.

परत आलो तर मंडळीचा कारभार बघणारा एक जुना वडील आडवा आला. "पुरताना हे कशाला? देवापुढं ती काय तोंड दाखवेल?"

मी म्हणालो, "देवाला म्हणावं, नव्या पाळकाला विचार."

पाळक तिथंच उभा होता. त्यानं मान खाली घातली. "बांधा काका," एवढंच बोलला.

माझी बोटं जाड, गाठ बसेना. चाळीतल्या एका बाईनं तिचे केस वर धरले. मी गाठ मारली, ओढून बघितली, आणि मगच पेटी बंद करू दिली.